दोन ट्रंका, एक पायमशीन आणि तुमचे नऊ हजार

पुण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"माझं वय 38. वर्षभरापासून विणकाम, क्रोशे आणि भरतकाम करते. बाळांच्या टोप्या-मोजे, दाराची तोरणं, बटवे असं करून ओळखीतल्यांना विकते. दिवाळीपासून सामानावर 14,000 रुपये गेले आणि विक्रीचे आले 6,500. घरात कुणी बोलत नाही, पण मलाच टोचतं. आता आमच्या सोसायटीतल्या एका बाईंची आई गेली. त्या आजी फार सुंदर विणायच्या. त्यांच्या दोन ट्रंका आणि पायमशीन मुलीला काढून टाकायचं आहे. सुया, लोकर, दोरे, मणी, रंगांचे डबे, एक अर्धवट टेबलक्लॉथ, सगळं मिळून 9,000 म्हणते. सासूबाईंचं म्हणणं, गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात नकोत. मिस्टर म्हणतात, मोटरवालं नवं मशीन घे. मी काय करू?"

ताई, मशीन आणि हत्यारं घ्या. लोकर आणि दोरे निवडून घ्या. रंगांचे डबे घेऊ नका. आणि नऊ हजार हा आकडा दोन्ही ट्रंका उघडून, चादरीवर पसरून बघेपर्यंत मान्य करू नका. हे झालं थोडक्यात उत्तर. पण तुमच्या पत्रातली मला खरी वाटणारी अडचण ट्रंकांच्या आधीची आहे. 14,000 चं सामान आणलंत, त्यातलं किती वापरलं गेलं? मला खात्री आहे की निम्म्याहून जास्त अजून पिशवीतच आहे. सामान जुनं असो की नवं, आधी काम ठरलेलं असेल तरच ते स्वस्त पडतं. काम न ठरवता निम्म्या भावात आणलेली लोकर कपाटातच राहिली, तर ते पैसे पूर्णच गेले. म्हणून ट्रंका बघायला जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा: पुढच्या तीन महिन्यांत मी काय काय करणार आहे आणि त्याला काय लागेल. त्या कागदाबाहेरचं काही आवडलं तर जरूर घ्या, पण ते हौसेच्या खात्यात मांडा, धंद्याच्या नको.

आता हत्यारं. पोलादाच्या आणि ॲल्युमिनियमच्या सुया, क्रोशाच्या सुया, भरतकामाच्या लाकडी रिंगा, मापपट्ट्या, चांगली कात्री या गोष्टी वापरून झिजत नाहीत म्हटलं तरी चालेल. उलट वर्षानुवर्षं हाताळलेली सुई इतकी गुळगुळीत झालेली असते की लोकर तिच्यावरून सरसर सरकते. गंज बघा. वरवरचा डाग बारीक पॉलिश पेपरने जातो, पण सुईवर खड्डे पडले असतील तर ती धागा ओढणार, ती सोडून द्या. टोकं वाकलेली नाहीत ना, जोडीतल्या दोन्ही सुया खरंच एका मापाच्या आहेत ना, हेही बघा. कात्री कापडाच्या तुकड्यावर टोकापर्यंत चालवा. टोकाशी कापड दुमडलं तर तिला धार लावून घ्यावी लागेल, तेवढे पैसे कमी करायला सांगा.

सुयांच्या बाबतीत नंबरांचा घोळ मात्र नीट समजून घ्या, कारण इथे नवीन विणणाऱ्या पुष्कळ जणी फसतात. आजींच्या सुयांवर असेल तो नंबर बहुधा जुन्या इंग्लिश पद्धतीचा. त्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 म्हणजे सव्वातीन, 12 म्हणजे पावणेतीन. तुम्ही मोबाइलवर बघून विणत असाल, तर त्यातले बरेच नमुने अमेरिकन असतात आणि तिथे उलट आहे: नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची. आजींची 8 घेऊन अमेरिकन 8 चा नमुना विणलात, तर टोपी बाळाच्या डोक्यात जायची नाही. सुयांचं माप काढायची भोकांची पट्टी मिळते, ती ट्रंकेतही सापडेल. त्यात घालून मिलिमीटरचा आकडा काढा, चिकटपट्टीवर लिहून सुईच्या डोक्याला लावा आणि जुना नंबर विसरून जा.

मशीनबद्दल मिस्टरांना सांगा की त्यांची इच्छाही यातच पुरी होते. जुन्या काळ्या पायमशीनला नंतर छोटी मोटर बसवता येते, मशीनचे कारागीर ती बसवून देतात. ते मशीन फक्त सरळ टीप घालतं, झिगझॅग किंवा काज करत नाही. पण बटवे, तोरणांचं अस्तर, पिशव्या यांना सरळ टीपच लागते. शिवाय त्याचं अंग ओतीव लोखंडाचं, आतले भाग धातूचे. जाड कापडाच्या चार घड्या त्याच्याखाली जातात, त्या हलक्या प्लास्टिकच्या नव्या मशीनखाली जातीलच असं नाही.

तपासायचं कसं? आधी पट्टा काढा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. जड फिरलं तर घाबरू नका. बऱ्याच घरांत मशीनला खोबरेल घालतात, ते आत थिजून चिकट होतं आणि सगळं जाम होतं. रॉकेल आणि नंतर मशीन ऑइल घालून कारागीर ते मोकळं करतो. पण प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी चाक अडत असेल, किंवा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर मशीन तिथेच राहू द्या. मग सुईखालची सरकती पट्टी उघडून बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, बघा. गोल बॉबिन आणि गोल केस असेल तर सुटे भाग सहज मिळतात. होडीच्या आकाराचं लांब शटल असेल तर मशीन फार जुनं आहे. दिसायला सुरेख, पण त्याच्या बॉबिन शोधताना दमून जाल. कापड पुढे सरकवणारे दाते बोटाने चाचपून बघा, धार जाऊन सपाट झाले असतील तर बदलावे लागतील.

शेवटी टीप घालून बघा. वरचा दोरा एका रंगाचा, खालचा दुसऱ्या रंगाचा घ्या, म्हणजे चूक कुठल्या बाजूची ते लगेच दिसतं. सुती कापडाची दुहेरी घडी घ्या आणि 14 नंबरची नवी सुई तुमच्याबरोबर न्या. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला, कारण निम्म्या वेळा दोष सुईचाच असतो आणि लोक मशीनला नावं ठेवतात. पट्टा चामड्याचा असतो, तो वाळून तडकला असला तरी नवा स्वस्तात मिळतो. लाकडी टेबलाखाली वाकून बघायला विसरू नका. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकडाला कीड आहे. ती तुमच्या घरातल्या कपाटांनाही लागेल. तसं असेल तर नुसतं मशीन घ्या, टेबल नको.

लोकर आणि दोऱ्यांशी मात्र कठोर व्हा. सुती दोरा काळाने आणि उजेडाने कमजोर होतो. रिळाचा वरचा पदर काढून टाका, आतला वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. सहज तुटला तर शिवणाला तो कामाचा नाही आणि भरतकामातही सुईच्या नेढ्यातून ये-जा करताना पिंजून जाईल. कच्च्या टाक्याला वापरता येतो, पण त्याचे पैसे द्यायचे नाहीत. भरतकामाच्या लड्यांवर कागदी पट्टी आणि नंबर शाबूत आहे का ते बघा. अँकर किंवा डीएमसी या कंपन्यांची लडी 8 मीटरची असते, सहा पदरी. नंबर असेल तर दोरा संपल्यावर तोच रंग पुन्हा आणता येतो. पट्टी नसलेल्या लड्या फक्त छोट्या फुला-पानांसाठी. लाल, मरून आणि काळा दोरा ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून धरा. रुमालावर रंग उतरला तर पांढऱ्या कापडावर तो कधीही वापरू नका.

लोकर कशाची आहे हे हाताला कळतंच असं नाही. बोटभर तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर पेटवून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि ज्योत आपोआप विझली तर खरी लोकर. कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सूत. वितळून कडक गोळी झाली तर ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर. ॲक्रिलिक वाईट नाही, बाळाच्या टोपीला धुवायला सोपं पडतं. पण गिऱ्हाइकाला 'प्युअर वूल' सांगून ते विकलं जाऊ नये म्हणून हे आधी कळायला हवं. खऱ्या लोकरीत कसर बघा. गुंडा उजेडात धरून थोडा उलगडा. धागा जागोजागी तुटलेला, बारीक जाळी, पांढुरके कण दिसले तर ती लोकर घरात आणूच नका. निरोगी दिसली तरी घरी आणल्यावर आपल्या जुन्या सामानात लगेच मिसळू नका. कडक उन्हात दोन-तीन दिवस उलथापालथ करून वाळवा आणि महिनाभर वेगळ्या बंद पिशवीत ठेवून लक्ष ठेवा.

तुम्ही बाळांचे कपडे करता म्हणून एक गोष्ट फार कळकळीने सांगते. जुन्या ट्रंकेत डांबरगोळ्या असणारच. त्यांचा अंश लोकरीत, कापडात मुरलेला असतो, आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे द्रव्य जन्मतः कमी असतं अशा बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कावीळ होते. बाळाकडे बघून हे कळत नाही. त्या ट्रंकेतली लोकर वाऱ्यावर टाकून, धुऊन, वास पूर्ण गेल्यावर मोठ्यांच्या वस्तूंना वापरा. तान्ह्या बाळासाठी नवीच घ्या. तिथे बचत करायची नाही.

रंगांच्या डब्यांना मी नाही म्हटलं त्याचंही कारण सांगते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. आजींचे डबे त्याआधीचे असू शकतात आणि तोरणाला लहान मुलं हात लावतात, ते हात तोंडात जातात. उघडलेली फेविकॉलची बाटली, वाळायला आलेले फॅब्रिक रंग, स्पंज यांनाही नाहीच म्हणा. कुणी फुकट दिलं तरी आपल्या घरात कचराच वाढतो.

मण्यांची निवड सोपी आहे. काचेचा मणी हाताला गार लागतो आणि वाटीत टाकला की खणकन वाजतो. पांढऱ्या मोत्यांचा मुलामा नखाने निघतो का ते बघा. पितळेची बटणं, घुंगरू असतील तर चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि ते गंजून कापडावर डाग पाडेल. रेशमी काठ किंवा जरीचं कापड निघालं तर घडीच्या रेषेवर हलकंच ताणून बघा. जुनं रेशीम आधी घडीवर चिरतं.

त्या अर्धवट टेबलक्लॉथचं मात्र मोल करू नका. तो बाहेर काढा आणि मुलीच्या हातात द्या. घाईत आवरताना माणसाला काय ठेवायचं ते सुचत नाही, मग वर्षाने आठवण येते. तुम्हाला जमत असेल तर विचारा, "मी पुरा करून देऊ का?" आजींचे टाके कुठे संपतात ते रंगीत दोऱ्याने खूण करून ठेवा आणि पुढचं तुम्ही विणा. नाही जमलं तर आहे तसाच परत द्या.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांच्या म्हणण्यात भीती आहे तशी गेलेल्या आजींबद्दलची अदबही आहे. पण आपल्याकडची दुसरी रीतही त्यांना ठाऊक असेल. तान्ह्या बाळाला पहिली दुपटी आजी-पणजीच्या मऊ झालेल्या लुगड्याची करतात. गोधडी तर जुन्या साड्यांचे थर लावून, धावदोऱ्याने शिवली जाते आणि त्यातली एखादी साडी हयात नसलेल्या बाईची असतेच. ती पांघरूण घेताना कुणी अशुभ म्हणत नाही, ऊब आहे म्हणतात. ट्रंका आणल्यावर सासूबाईंनाच उघडायला बोलवा. त्यांच्या पिढीच्या बायकांना टॅटिंगचं, म्हणजे गाठींच्या लेसचं, शटल, गाठींची सुई, लेस विणायची हत्यारं ओळखता येतात. तुम्हाला कदाचित नुसती लोखंडाची काडी वाटेल. इतकं करूनही त्यांचं मन मानलं नाही, तर मशीनला हळद-कुंकू लावून घरात घ्या. त्याला काही पैसे पडत नाहीत.

किमतीचं असं करा. दुकानात जाऊन तशाच नव्या पायमशीनचा भाव विचारा आणि जुन्याला त्याच्या निम्म्याच्या वर जाऊ नका. कारागीर दुरुस्तीला जे सांगेल ते त्यातूनच वजा करा. सुया, रिंगा, कात्र्या यांना नव्याच्या साधारण तिसरा हिस्सा. कसोटीला उतरलेली लोकर आणि लड्या चौथ्या हिश्शात. उरलेलं फुकटातही नको. बेरीज नऊ हजारांच्या खाली आली तर हिशेबाचा कागद मुलीसमोर ठेवा आणि शांतपणे दाखवा. वर गेली तर नऊ हजार द्या, आणि तिला सांगा की तुम्ही कमी मागता आहात. आई गेलेल्या घरात जाऊन शंभर-दोनशेसाठी घासाघीस करू नये, आणि तिला भाव ठाऊक नाही याचा फायदा तर मुळीच घेऊ नये. तुम्हाला त्याच सोसायटीत राहायचं आहे.

ट्रंकांपलीकडेही सामान आहे आणि त्यातलं बरंचसं तुमच्या घरातच आहे. कपाटाचा तळ उघडा. ओटीत आलेले ब्लाउजपीस किती आहेत ते मोजा. न शिवलेले, कोरे करकरीत, वर्षानुवर्षं एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरणारे. त्यात सुती निघाले तर अस्तराला, खणाचे निघाले तर बटव्याच्या दर्शनी बाजूला. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा बटवा वेगळा भाव खातो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "न लागणारे ब्लाउजपीस विकत घेईन" एवढं टाका. मला वाटतं, तुम्हाला नको म्हणावं लागेल इतके येतील. ब्लाउज शिवणाऱ्या टेलरताईंकडे काठांचे आणि अस्तराचे तुकडे पडून असतात. त्यांच्याशी आठवड्याची पिशवी ठरवून घ्या आणि बदल्यात काहीतरी द्या, नुसतं मागू नका.

जुने स्वेटरही बघा. शिवणीची बाजू उलटी करून पाहा. कडेला ओव्हरलॉकची टीप असेल तर तो कापून शिवलेला आहे, उसवला की हातभराचे तुकडे हातात येतील. हाताने विणलेला असेल तर गळ्यापासून सलग उसवतो. लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टांगा आणि खाली थोडं वजन लावा. वाळली की वळ्या जातात. आपल्या आया दर काही वर्षांनी मुलांचे स्वेटर असेच उसवून मोठे करायच्या.

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे कात्र्या, पितळी बटणं, लोखंडी स्टँड, मशीनचे सुटे भाग मिळतात. सकाळी लवकर जा. तिथे विकणाऱ्याला वस्तू कशाची ते नेहमी ठाऊक असतंच असं नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक असायला हवं. दोरे-लोकर तिथून नको, ती उन्हात पडलेली असते. मुंबईला जाणं होत असेल तर मटण स्ट्रीटचा चोर बाजार आहे, पण तिथे जुन्या मशीनचे भाव शोभेची वस्तू म्हणून लावतात, कामाचं मशीन म्हणून नव्हे. इंटरनेटवर मशीन दिसलं तर प्रत्यक्ष बघून, टीप घालून मगच पैसे द्या. "आधी टोकन पाठवा, नाहीतर दुसरा घेतोय" म्हणणाऱ्याला खुशाल दुसऱ्याला देऊ दे.

ऑर्डरीचं एक सांगायचं राहिलं. जुनं सामान पुन्हा मिळत नाही. एका बाईंना तोरण आवडलं आणि तिने बहिणीसाठी तसंच मागितलं, तर तोच हिरवा दोरा आणणार कुठून? म्हणून जुनं सामान एकेकट्या वस्तूंना, अस्तराला, आतल्या भागाला वापरा, आणि ज्याची ऑर्डर पुन्हा येईल त्याचा मुख्य रंग दुकानातून नंबर बघून घ्या. विक्रीची किंमत ठरवताना लोकर तुम्हाला चौथ्या हिश्शात पडली म्हणून वस्तू स्वस्त करू नका. हिशेबात नव्या लोकरीचाच भाव धरा, कारण ट्रंक रिकामी झाली की पुढची वस्तू नव्या लोकरीनेच विणायची आहे, आणि तेव्हा अचानक भाव वाढवलेला गिऱ्हाइकाला रुचत नाही. जुन्या कापडाचा बटवा असेल तर तसं सांगून विका. आवडीने घेणाऱ्या बायका आहेत.

जाताना पिशवीत 14 नंबरची मशीनची सुई, दोन रंगांची रिळं, सुती कापडाचा तुकडा, पांढरा रुमाल, छोटं चुंबक, काडेपेटी, चिमटा आणि तो कागद एवढं घ्या. लोकर जाळून बघायचं काम गॅलरीत करा, त्यांच्या घरात नको. आणि शक्य असेल तर मशीनचा कारागीर बरोबर न्या. तासाभराचे त्याचे पैसे त्यालाच आधी विचारून ठरवा.